सोलर बसवण्याआधी गच्चीचा उतार बघा

श्रोतेहो, नमस्कार.

गच्चीवर सोलर हीटर घ्यायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, टाकी किती लिटरची? गच्चीवरचं पाणी कुठून वाहून जातं, हे मात्र पहिल्या मोठ्या पावसात आठवतं. तोवर स्टँडचे पाय कोब्यात रुतलेले असतात आणि पाइप उताराला आडवे पडलेले असतात. म्हणून आज आधी निचऱ्याचं बोलू, मग गरम पाण्याचं.

गच्चीला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार हवा. आहे की नाही, हे बघायला यंत्र लागत नाही. गच्ची धुवा, तासाभराने वर जा आणि जिथे डबकं राहिलंय त्याच्या कडेने खडूने रेघ मारा. बहुतेकदा डबकं रेनपाइपच्या तोंडापाशीच सापडतं. कारण साधं असतं. दर दुरुस्तीला वॉटरप्रूफिंगचा नवा थर चढतो, तोंडाभोवतीची जागा वर येते आणि पाण्याला शेवटच्या हातभर अंतरात चढ लागतो. उपाय म्हणजे तोंडाभोवतीचा फूटभर भाग फोडून दोनतीन सेंटिमीटर खोल करायचा आणि नवा थर तोंडाच्या आतपर्यंत वळवून घ्यायचा. वरून आणखी एक कोट मारून हे काम होत नाही, गवंडी कितीही म्हणाला तरी.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तासाला 60 मिलिमीटर पाऊस झाला, तर मिनिटाला शंभर लिटर पाणी बाहेर पडायला हवं. त्यासाठी 110 मिलिमीटरचे दोन पाइप ठेवा. एकाच्या तोंडावर पाला बसला तरी दुसरा चालू राहतो. जाळी घुमटासारखी उंच घ्या. सपाट जाळीवर एखादं मोठं पान झाकणासारखं बसतं. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथला सिमेंटचा गोलसर कोपरा, म्हणजे वाटा, फुटला असेल तर तोही याच वेळी नवा घाला.

आता सोलर. दोनशे लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच दोनशे किलो असतं, त्यामुळे स्टँड तुळईच्या किंवा कॉलमच्या रेषेवर यायला हवा. ही जागा इंजिनिअरकडून ठरवून घ्या. पायांसाठी वॉटरप्रूफिंगच्या आधीच काँक्रीटचे ओटे ओता आणि थर त्यांच्या अंगावर चढवा. तयार थराला ड्रिल मारून बोल्ट ठोकले की प्रत्येक भोक ही गळतीची जागा. आणि ओटे पाण्याच्या वाटेत आडवे येणार नाहीत, एवढं बघाच.

गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकची असते. साधा पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतो. सीपीव्हीसीची दहा मीटर सरळ लाइन चाळीस अंशांनी तापली की सुमारे अडीच सेंटिमीटर लांब होते. ती कठड्यात सिमेंटने घट्ट जाम केली तर तिथला जोड उकलतो. म्हणून भिंतीत मोठ्या पाइपाचा तुकडा बसवून लाइन त्यातून न्या, मध्ये एखादं वळण ठेवा. पाइप गच्चीपासून दहा सेंटिमीटर उंच ठेवले की पाणी खालून सरळ निघून जातं.

खरा घोळ होतो तो व्हेंट पाइपात. सोलरच्या टाकीवरच्या या उघड्या नळीतून वाफ आणि हवा बाहेर जाते. तिचं तोंड थंड पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लोपेक्षा किमान अर्धा फूट उंच हवं. ते खाली राहिलं आणि टाकी भरली की पाणी थांबवणारा बॉल कॉक नीट बंद झाला नाही, तर थंड टाकीतली पातळी चढते आणि व्हेंटमधून तापलेलं पाणी रात्रभर ओघळतं. सकाळी सोलरच्या टाकीखाली ओल आणि शेवाळ दिसतं, आणि लोक गच्चीच्या उताराला दोष देतात.

व्हेंट उंच असूनही पाणी ओघळत असेल तर बाथरूमच्या मिक्सरवर, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळावर संशय घ्या. थंड लाइनवर प्रेशर पंप आणि गरम लाइन मात्र टाकीच्या उंचीवर चालणारी, अशी जोडणी असली की थंड पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये घुसतं आणि उलटं सोलरच्या टाकीत चढतं. नळाला कोमट पाणी, वर व्हेंटमधून धार. याची परीक्षा सोपी आहे. सोलरकडून येणाऱ्या गरम लाइनचा कॉक बंद करा आणि घरातला फक्त गरम पाण्याचा नळ उघडा. पाइपात साठलेलं पाणी ओसरल्यावर नळ कोरडा पडला तर ठीक. धार चालूच राहिली तर ते पाणी मिक्सरमधून येतंय. अशा वेळी प्रत्येक मिक्सरच्या दोन्ही जोडण्यांवर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, त्यावरचा बाण मिक्सरकडे. एखादा मिक्सर सुटला तरी पाण्याला तीच वाट मोकळी राहते.

सगळं बसल्यावर गच्चीची शेवटची चाचणी घ्या. रेनपाइपची तोंडं बंद करून गच्चीवर इंचभर पाणी 48 तास ठेवा आणि खालच्या छतावर ओलीची कड पेन्सिलने आखा. दुसऱ्या दिवशी ओल रेघेच्या बाहेर गेली असेल तर पाणी सोडून द्या, आणि त्या जागेच्या वर आधी ओट्याची कड बघा, मग पाइपाचं भोक.

नमस्कार.