छोटा प्रॅक्टिस अ‍ॅम्प घेताय? वॅट सोडा, आधी स्पीकर बघा

नमस्कार मंडळी. हा बघा, तळहातावर मावतो एवढासा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालणारा. यात मी मुद्दाम संपत आलेला सेल टाकलाय, का ते शेवटी कळेल. आत्ता फक्त ही कॉर्ड ऐकून ठेवा. (वाजवतो.) तोवर याला इथेच टेबलावर चालू राहू दे.

तर मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न काय, "दादा, पाच वॅटचा घेऊ का दहा वॅटचा?" आणि प्रत्येक वेळी मी उलटा विचारतो की स्पीकर केवढा आहे रे त्याचा, तर समोरून एकदम शांतता. कारण खोक्यावर वॅट मोठ्या अक्षरात छापलेले असतात आणि स्पीकरचा इंच कुठेतरी मागच्या बाजूला बारीक टायपात, तोही सापडला तर.

आधी हे वॅटचं उरकून टाकू. दहा वॅटचा अ‍ॅम्प पाच वॅटच्या दुप्पट वाजेल असं वाटतं ना, तर तसं होत नाही. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो ३ डेसिबल, म्हणजे "हां, वाढला वाटतं जरासा" इतपतच. कानाला खरंच दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे पाचाच्या दुप्पट आवाज हवा तर पन्नास. त्यामुळे पाच का सात का दहा यावर डोकं खपवण्यात काही अर्थ नाही, फरक असतो पण तुम्हाला वाटतो तेवढा नसतो.

स्पीकरमुळे मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. गिटार अ‍ॅम्पमधला नेहमीचा बारा इंची स्पीकर असतो ना, त्याला फक्त एक वॅट दिला तरी एक मीटरवर तो ९७ ते १०० डेसिबल आवाज काढतो. एक वॅट! आणि असल्या छोट्या डब्यातल्या तीन इंची स्पीकरला तोच एक वॅट दिला तर मामला ८५च्या आसपास येऊन थांबतो. हा १२ डेसिबलचा खड्डा भरायचा तर सोळापट वॅट लागतील, आणि तेवढे वॅट ओतले तर तो बिचारा स्पीकर फाटेल. म्हणून एक वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प (जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) मोठ्या कॅबिनेटला, म्हणजे मोठ्या स्पीकरच्या खोक्याला लावला की घरातले ओरडायला येतात आणि दहा वॅटचा चिमुकला डबा फुल केला तरी शेजारच्या खोलीत टीव्ही नीट ऐकू येतो.

उदाहरणं घ्या. रोलंडचा मायक्रो क्यूब जीएक्स, ३ वॅट, पण स्पीकर ५ इंची. बॉसचा कटाना मिनी ७ वॅट, ४ इंची. पॉझिटिव्ह ग्रिडचा स्पार्क गो ५ वॅट, स्पीकर फक्त २ इंची, त्याला जोडीला एक पॅसिव्ह रेडिएटर दिलाय, म्हणजे मोटर नसलेला, आतल्या हवेच्या दाबावर हलणारा पडदा, त्याने खालचा आवाज थोडा भरून निघतो. तिन्ही आपापल्या जागी चांगले आहेत, मी कुणाला नावं ठेवत नाहीये, फक्त वॅटच्या आकड्यावरून यांना एका रांगेत उभं केलंत तर फसाल एवढंच.

आता जरा जवळ या, एक गोष्ट ऐकवतो. ही गिटारची सगळ्यात जाड तार, लो ई, मोकळी. (वाजवतो.) ही तार सेकंदाला साधारण ८२ वेळा हलते, म्हणजे ८२ हर्ट्झ. हा छोटा स्पीकर ८२ हर्ट्झ जवळजवळ काढतच नाही, त्याच्याकडे तेवढी हवा ढकलायला पडदाच नाहीये. तीन इंची पडद्याचं क्षेत्रफळ बारा इंचीच्या एक सोळांश असतं, म्हणजे तेवढीच हवा हलवायची तर याला सोळापट पुढे-मागे नाचावं लागेल, ते काही शक्य नाही. मग तरी आपल्याला सूर 'ई'च का ऐकू येतो? कारण तार एकटे ८२ काढत नाही, सोबत १६५, २४७, ३३० असे वरचे सूर पण काढते, ते या स्पीकरमधून येतात, आणि आपला मेंदू त्यांच्यावरून खालचा गायब सूर मनानेच लावून घेतो. सूर बरोबर कळतो, पण पोटात जो धक्का बसायला हवा तो बसत नाही.

आता तीच तार मोठ्या अ‍ॅम्पमधून. (वाजवतो.) ऐकलंत? आणि हो, तुम्ही हा व्हिडिओ मोबाइलच्या स्पीकरवर बघत असाल तर दोन्ही आवाज तुम्हाला बऱ्यापैकी सारखेच वाटले असतील, कारण मोबाइलचा स्पीकर याच्याहूनही बारका, त्याने दोघांचंही खालचं खाऊन टाकलं. हेडफोन लावून परत ऐका, मी थांबतो.

हे मी एवढं घोळवून का सांगतोय, तर मी स्वतः यात फसलोय. जवळपास वर्षभर मी असल्याच एका छोट्या डब्यावर प्रॅक्टिस केली, रोज, नियमित, आणि मला वाटायला लागलं की हात बसला आता आपला. मग एका जॅमला, म्हणजे चार जणांसोबत मिळून वाजवायला गेलो, तिथे बारा इंची स्पीकरचा अ‍ॅम्प होता, जॅक घातला, वरच्या बारीक तारांवर माझा पाठ केलेला सोलो सुरू केला, आणि मागून सतत घोंऽऽ घोंऽऽ असा आवाज यायला लागला. मी केबल हलवून बघितली, अ‍ॅम्पकडे बघितलं, शेवटी ड्रमरच म्हणाला, "अरे तुझी जाड तार वाजतेय." वर्षभर वाजतच होती ती! उजव्या हाताच्या तळव्याने जाड तारा दाबून धरायच्या असतात ते मी कधी केलंच नव्हतं, कारण छोटा अ‍ॅम्प ती गुणगुण मला ऐकवतच नव्हता. जे ऐकूच येत नाही ते हात सुधारणार कसा.

दुसरं म्हणजे मी तारा तुटतील इतक्या जोरात पिक (तार छेडायची छोटी चकती) मारायचो. त्यालाही कारण हेच. छोटा अ‍ॅम्प लवकर दमतो, थोडं जोरात वाजवलं की आवाज वाढायच्या ऐवजी चपटा होतो, हळू वाजवा नाहीतर जोरात, बाहेर पडतं ते साधारण सारखंच. त्यात आपण गेनचं, म्हणजे आवाज फाडायचं बटण तीनच्या काट्यावर नेऊन ठेवतो आणि वरून रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, मग काय, सगळ्यांचंच वाजवणं छान वाटतं. म्हणून छोट्या अ‍ॅम्पवर निदान अर्धा वेळ क्लीन टोनवर, म्हणजे न फाटलेल्या साफ आवाजात, रिव्हर्ब बंद करून वाजवा, रडू येईल पण वाजवा. आणि जाड तारांची तपासणी करायची असेल तर वायरवाला बरा हेडफोन लावा, ८२ हर्ट्झ हेडफोनमध्ये व्यवस्थित येतो.

वायरवालाच का? ब्लूटूथ हेडफोनमध्ये साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद उशीर होतो. गाणं ऐकताना कळत नाही, वाजवताना वेड लागतं. आवाज हवेतून १० मिलिसेकंदात साधारण साडेतीन मीटर जातो, म्हणजे दोनशे मिलिसेकंद म्हणजे तुमचा अ‍ॅम्प जवळपास सत्तर मीटर लांब, मैदानाच्या पलीकडे ठेवल्यासारखं झालं. ब्लूटूथवरून मोबाइलचा बॅकिंग ट्रॅक (साथीचं तयार संगीत) अ‍ॅम्पमध्ये आणायला काहीच हरकत नाही, तिथे उशीर झाला तरी तुम्ही त्या ट्रॅकच्याच मागे वाजवताय.

अजून एक नेहमीचा प्रश्न, "घरात ब्लूटूथ स्पीकर आहे, त्याच्या ऑक्समध्ये, म्हणजे वायरने आवाज द्यायच्या भोकात, गिटार घातली तर?" आवाज येईल, पण कांबळं पांघरून गायल्यासारखा येईल. गिटारच्या पिकअपला (तारांखालचा, त्यांची थरथर पकडणारा भाग) समोर साधारण दहा लाख ओहमचा इनपुट लागतो, ऑक्सचा असतो काही हजार ओहमचा, त्यात वरची सगळी चमक मरते. छोट्या अ‍ॅम्पचं निम्मं काम तर तिथेच आहे, इनपुटवर.

बरं, एवढं ऐकून कुणाला वाटेल की मी छोट्या अ‍ॅम्पच्या विरोधात आहे. अजिबात नाही, माझी गिटार आठवड्यातले सहा दिवस याच्यातच असते! मोठा अ‍ॅम्प काढायचा म्हणजे खुर्ची सरकवा, एक्स्टेंशन शोधा, केबल सोडवा, तोपर्यंत मूड जातो. हा पलंगाशेजारी पडलेला असतो, जॅक घातला की झालं, चहा उकळेपर्यंत दहा मिनिटं स्केल वाजवून होते. अशी दहा-दहा मिनिटं मोठ्या अ‍ॅम्पवर कधीच झाली नसती. आणि रात्री अकराला मोठा अ‍ॅम्प अगदी बारीक केला तर तोही काही फार चांगला वाजत नाही, आवाज कमी असला की आपल्या कानालाच खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली याचे आलेख मांडले होते. म्हणून रात्री हळू आवाजात बास वाढवून सेट केलेला टोन दुसऱ्या दिवशी मोठ्याने लावला की नुसता ढबढब वाजतो, ते अ‍ॅम्पचं चुकलेलं नसतं.

ठेवायचा कुठे? बहुतेक जण जमिनीवर ठेवतात आणि वर उभे राहून वाजवतात, मग वरचे तीक्ष्ण सूर जातात घोट्यांकडे आणि कानाला येतो उरलासुरला गोळा. टेबलावर, कानाच्या उंचीच्या जवळपास ठेवा. आवाज फार पोकळ वाटला तर मागे भिंत येईल असा सरकवा, कोपऱ्यात अजून बरं, फुकटचा बास मिळतो. हा टेबलावरच आहे बघा, भिंतीला टेकवतो. (वाजवतो.) फरक कळला?

ड्रमसोबत चालेल का, तर नाही, विषय संपला. ड्रमर स्नेअरवर, म्हणजे त्याच्या समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर, एक काठी मारेल आणि तुम्ही फक्त हात हलवताना दिसाल. हेडफोनच्या भोकातून मिक्सरला द्या हवं तर, पण एक सांभाळा, ते भोक स्टिरिओ असतं, त्यात गिटारची साधी मोनो केबल घातली तर एक बाजू शॉर्ट होते. एका टोकाला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली केबल वापरा.

आणि आता हा आपला गडी. याच्यासारख्या बऱ्याच डब्यांत एलएम३८६ नावाची आठ पायांची चिप असते, नऊ व्होल्टवर साधारण अर्धा वॅट काढते. सेल उतरला की तिला वर-खाली व्हायला जागा कमी पडते, मग तिचा आवाज लवकर फाटतो. डिजिटल अ‍ॅम्प असता तर सेल संपल्यावर सरळ बंद पडला असता. हा मात्र बघा काय करतो. सुरुवातीला वाजवली होती तीच कॉर्ड वाजवतो, बटणाला हात लावलेला नाहीये. (वाजवतो.) कसा चिरका, घोगरा झालाय, जुन्या रेडिओसारखा... मला तर हा ताज्या सेलपेक्षा जास्त आवडतो. थांबा, अजून एकदा. (वाजवतो.) अरे, दिवा पण मंद व्हायला लागला. एक छोटंसं रिफ वाजवून घेतो, मग गेला तर गेला.