तलावपाळीची एक फेरी

सकाळचे सहा वाजले आहेत. ठाण्यातील मासुंदा तलावाभोवतीच्या पदपथावर, म्हणजे ठाणेकरांच्या तलावपाळीवर, फिरणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली आहे. कठड्यालगतच्या बाकावरील काकू मात्र अजून उठलेल्या नाहीत. त्या उजवा पाय सावकाश सरळ करतात, मांडीचा स्नायू घट्ट आवळून पाच अंक मोजतात आणि टाच अलगद खाली टेकवतात. असे दहा वेळा झाले की डाव्या पायाची पाळी. त्यानंतरच त्या, हातांचा आधार न घेता, उभ्या राहतात.

गुडघ्यांची झीज झाल्याचे निदान झाले, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांना चालणे बंद करायला सांगितले होते. चालाल तर उरलेसुरलेही झिजेल, अशी भीती त्यामागे होती. हा समज घरोघरी आढळतो आणि दुखण्याइतकेच नुकसान तोही करतो, असे आम्हाला वाटते. हाडांच्या टोकांवरील कूर्चेला, म्हणजे तेथील गुळगुळीत, लवचीक आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून होते, आणि सांध्यावर भार येऊन उतरतो तेव्हा, स्पंज दाबून सोडावा तसा, हा द्रव तिच्यात खेळता राहतो. याउलट बसून राहिलेल्या माणसाच्या मांडीचे स्नायू रोडावतात, त्यांनी पेलायचा भार सांध्यावर पडतो, दुखणे वाढते, आणि वाढलेल्या दुखण्यापायी माणूस आणखीच बसून राहतो.

प्रश्न असतो तो धक्क्याचा. धावताना आणि उड्या मारताना दोन्ही पाय जमिनीवरून सुटतात व सारे वजन आदळून खाली येते; चालताना एक पाऊल नेहमी टेकलेले असते. तरीही सपाट रस्त्यावर गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो आणि जिन्यावर तो आणखी वाढतो. नौपाड्यातील लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला जिना टाळता येत नाही. त्याने कठडा धरावा, चढताना बरा पाय आधी टाकावा आणि उतरताना दुखरा. काठी वापरायची असेल, तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेक जण नेमके उलटे करतात.

ज्यांना चालणेही सोसत नाही, त्यांच्यासाठी पाणी आहे. कंबरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचे जवळपास निम्मेच वजन उरते, छातीइतक्या पाण्यात त्याहूनही कमी, त्यामुळे पोहता न येणारी व्यक्तीसुद्धा तरणतलावाच्या उथळ भागात, काठाला धरून आणि कोणी सोबत असताना, चालू शकते. घरातील स्थिर सायकलही चांगली. तिची बैठक मात्र इतकी उंच हवी, की पेडल अगदी खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. काकूंनी सुरुवात दहा मिनिटांनी केली होती आणि ते योग्यच होते. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दोन तासांनंतरही ओसरले नाही, तर दुसऱ्या दिवशी तो कमी करावा, हे साधे माप त्या पाळतात. सांधा लाल, गरम किंवा अचानक सुजलेला असेल, पाय मध्येच अडकत असेल अथवा ताप आला असेल, तर मात्र व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे; आमवातात, म्हणजे सांध्यांना सूज आणणाऱ्या आजारात, औषधोपचाराला पर्याय नाही, व्यायाम त्याच्या जोडीने करायचा असतो.

काकू आता कोपिनेश्वर मंदिरासमोरून गडकरी रंगायतनच्या दिशेने निघाल्या आहेत. त्यांची चाल संथ आहे, पावले समान अंतराने पडत आहेत, आणि गेल्या महिन्यापर्यंत ज्या बाकावर त्यांना मध्येच टेकावे लागत असे, तो बाक आज मागे पडला आहे.