काँकचे दार

श्रोतेहो, नमस्कार.

दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ आव्हेरों भागात काँक नावाचे एक लहानसे गाव आहे. खाली दरीतून दुर्दू नदी वाहते, उतारावर घरे एकमेकांना बिलगून उभी आहेत, त्यांच्यावर करड्या दगडाच्या पातळ चिपांची छपरे आहेत, आणि या घरांच्या मधोमध गावाच्या मानाने फारच मोठे वाटणारे एक चर्च उभे आहे. हे संत फ्वा हिचे चर्च. एवढ्याशा गावाने एवढी मोठी वास्तू कोणासाठी उभारली, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येतोच. ती उभारली वाटसरूंसाठी, शेकडो मैल पायी चालत येणाऱ्या यात्रेकरूंसाठी.

संत फ्वा ही आजाँ शहरातली जेमतेम बारा वर्षांची मुलगी. रोमन देवतांना बळी अर्पण करण्यास तिने नकार दिला आणि इ. स. ३०३च्या सुमारास तिला ठार मारण्यात आले, असे परंपरा सांगते. तिच्या अस्थी काँकला कशा आल्या, याची कथा तिथल्या मठानेच मोठ्या अभिमानाने जपली आहे. नवव्या शतकात काँकचा एक साधू आजाँला गेला, तिथे दहा वर्षे राहून त्याने सर्वांचा विश्वास मिळवला, आणि एके रात्री कबरीतल्या अस्थी काढून घेऊन तो परतला. त्या काळच्या श्रद्धेनुसार ही चोरी नव्हती, कारण संताच्या मनात नसते तर तिच्या अस्थी जागच्या हलल्याच नसत्या.

पुढे फ्वाची ख्याती दोन गोष्टींसाठी पसरली: ती अंधांना दृष्टी देते आणि कैद्यांच्या बेड्या तोडते. सुटलेले कैदी आपले साखळदंड खांद्यावर घेऊन काँकला येत आणि तिच्यापुढे वाहत. १०१३ साली आँजे इथला बर्नार हा विद्वान धर्मगुरू या चमत्कारांची शहानिशा करण्यासाठी आला. तिथे त्याने सोन्याने मढवलेली, रत्नांनी लगडलेली, सिंहासनावर बसलेली फ्वाची मूर्ती पाहिली. ही मूर्ती ८५ सेंटिमीटर उंचीची असून ती आजही काँकमध्येच आहे. बर्नारला प्रथम ती जुन्या रोमन देवांच्या मूर्तींसारखी वाटली आणि त्याने मनात तिची हेटाळणी केली, मात्र पुढे त्याने तो विचार सोडला आणि पश्चात्तापही व्यक्त केला.

बर्नारने लिहून ठेवलेला एक प्रसंग मला या वास्तूची किल्लीच वाटतो. यात्रेकरू रात्रभर चर्चमध्ये जागर करीत. लॅटिन स्तोत्रे न येणारे शेतकरी आपली गावरान गाणी गात, गलका होई, आणि मठातल्या वडीलधाऱ्यांना ते आवडत नसे. म्हणून एका रात्री दारे बंद करून या लोकांना बाहेर ठेवण्यात आले. मध्यरात्री अडसर आपोआप निघाले, दारे उघडली, आणि पहाटेच्या प्रार्थनेसाठी आलेल्या साधूंना चर्च माणसांनी भरलेले दिसले. त्यानंतर गाण्यांना कोणी हरकत घेतली नाही.

अकराव्या शतकाच्या मध्याला मठाधिपती ओदोल्रिक याच्या काळात नव्या चर्चचे काम सुरू झाले, तेव्हा आराखड्यातच गर्दीची सोय करण्यात आली. यात्रेकरू पश्चिमेच्या दारातून आत आला की बाजूच्या अरुंद दालनातून पुढे सरकतो, क्रूसाच्या आकाराच्या या वास्तूच्या आडव्या भुजेला वळसा घालतो, वेदीच्या मागून जाणाऱ्या अर्धवर्तुळाकार प्रदक्षिणामार्गाने फिरतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. त्यामुळे माणसांचा ओघ अखंड चालू राहिला तरी मधोमध चाललेल्या उपासनेत व्यत्यय येत नाही. तुलूझचे संत सेर्नँ आणि स्पेनमधले सांतियागो दे कोंपोस्तेला या यात्रास्थानांची चर्चेसही याच आराखड्याची आहेत. फ्रान्समधल्या ल प्वी इथून सांतियागोकडे निघालेल्या वाटेवरच काँक लागते.

वेदीभोवती बाराव्या शतकातली लोखंडी जाळी आहे. वेटोळ्यांच्या नक्षीची ही जाळी कैद्यांनी वाहिलेले साखळदंड वितळवून घडवली, अशी परंपरा आहे.

आता वर पाहू. चर्चची लांबी ५६ मीटर आहे, आणि मधल्या दालनाचे छत सुमारे २२ मीटर उंचीवर आहे. दालन अरुंद असल्यामुळे ही उंची अधिकच जाणवते. छत लाकडाचे नसून पिंप उभे चिरून पालथे घातल्यासारखे अर्धगोल आणि दगडी आहे. असे छत नुसते खाली भार टाकत नाही, ते भिंतींना सतत बाहेर रेटत असते. तो रेटा पेलण्यासाठी गवंड्यांनी बाजूच्या दालनांवर सज्जे बांधले आणि सज्ज्यांना पाव वर्तुळाच्या कमानदार छपरांचा टेकू दिला. सज्ज्यांनी भिंती सावरल्या खऱ्या, परंतु त्यामुळे छताजवळ खिडक्यांना जागा उरली नाही, आणि मधल्या दालनात जो उजेड येतो तो सज्ज्यांतून गाळून, मऊ होऊन येतो. हा मंद उजेड या चर्चचे खरे वैभव आहे, असे मी म्हणेन.

पश्चिम दारावरच्या अर्धवर्तुळात अंतिम न्यायाचे, म्हणजे जगाच्या अंती देव सर्व माणसांचा निवाडा करतो त्या प्रसंगाचे शिल्प आहे. बाराव्या शतकाच्या आरंभीच्या या शिल्पात १२४ आकृत्या आहेत, आणि निळ्या-तांबड्या रंगाच्या खुणा त्यावर अजून दिसतात. आत्मे तोलणाऱ्या तराजूशी देवदूत आणि सैतान समोरासमोर उभे आहेत, आणि सैतान हळूच बोटाने पारडे दाबतो आहे. नरकात कंजूस माणूस गळ्यात थैली अडकवून फासावर लटकला आहे. दुसऱ्या बाजूला चिमुकली फ्वा देवाच्या हातापुढे नतमस्तक झाली आहे, आणि तिच्या मागे कमानींतून बेड्या लोंबत आहेत. अक्षरओळख नसलेल्या यात्रेकरूलाही त्या बेड्या ओळखू आल्या असतील. अगदी बाहेरच्या कमानीच्या कडेवरून काही चेहरे दगडाची पट्टी दोन्ही हातांनी धरून डोकावतात. ते नुसते कुतूहलाने पाहत आहेत.

पुढचा इतिहास पडझडीचा आहे. १५६८ मध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातल्या धर्मयुद्धात चर्चला आग लावली गेली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात गावकऱ्यांनी इथला खजिना घराघरांत लपवून वाचवला. १८३७ साली ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक प्रॉस्पर मेरिमे इथे आले आणि त्यांच्या प्रयत्नांमुळे दुरुस्तीचे काम मार्गी लागले. जवळच्या रोदेझ गावी जन्मलेले चित्रकार प्येर सुलाझ यांनी १९९४ मध्ये खिडक्यांना नवी काच दिली. तिला रंग नाही, तीतून पलीकडचे दिसत नाही, फक्त उजेड आत झिरपतो आणि दिवसभरात सकाळच्या निळसर छटेपासून सायंकाळच्या उबदार छटेपर्यंत बदलत राहतो.

यात्रेकरू आजही इथे मुक्कामाला थांबतात. रात्रीच्या प्रार्थनेत त्यांना आशीर्वाद दिला जातो, मठातला एखादा साधू ऑर्गन वाजवू लागतो, आणि वरच्या सज्ज्यांकडे जाणारा जिना लोकांसाठी खुला होतो.