सेल्फ फिरतोय पण गाडी स्टार्ट घेत नाही

सानपाड्याला एका सोसायटीच्या हॉलमध्ये जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांसमोर गाडीच्या मेन रिलेवर झालेल्या बोलण्याचं हे थोडं नीटनेटकं केलेलं शब्दांकन.

मागे ऐकू येतंय ना? बरं. मी तुर्भ्याला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, मला भाषण वगैरे जमत नाही, त्यामुळे सरळ गाडीवरच येतो.

मे महिना, दुपारचे तीन, गाडी स्टेशनबाहेर उन्हात उभी, काचा बंद. तुम्ही येता, चावी फिरवता, सेल्फ मस्त फिरतो, बॅटरी ठणठणीत, पण इंजिन काही घेत नाही. परत मारता, परत तेच. मग वैतागून दार उघडं टाकता, चहा पिऊन येता आणि गाडी एका सेल्फला चालू. म्हणजे गाडीला चहाची वाट बघायची होती असं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजला नेता, तिथे सावलीत ती शंभर वेळा चालू होते, मेकॅनिक म्हणतो साहेब काही नाहीये, आणि तरीपण प्लग आणि फिल्टर बदलून बिल हातात देतो. जुनी होंडा ज्यांच्याकडे आहे ते आता हसतायत, कारण त्यांना हे पाठ आहे.

यात बऱ्याचदा दोषी निघतो तो मेन रिले, डॅशच्या आत बसलेली एक छोटी डबी. होंडाच्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या सिव्हिक, सीआरएक्स, इंटिग्रा, सगळ्यांत हा प्रकार आहे, आणि आपल्याकडे १९९८ ला जी पहिली सिटी आली, जिच्या १०६ बीएचपीच्या व्हीटेकसाठी अजून पोरं वेडी आहेत, तिच्यातपण. पोर्शे ९४४ नावाची गाडी होती, १९८२ ते १९९१, तिचा डीएमई रिले, म्हणजे तिच्या इंजिनच्या कॉम्प्युटरचा रिले, जवळजवळ असाच आणि त्याच कारणाने बदनाम. (९४४ म्हटलं की आपल्याला वेगळंच आठवतं, २६ जुलै २००५, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस. असो.)

आता रिले म्हणजे काय ते दोन मिनिटांत. आत एक कॉइल असते, तिला थोडासा करंट दिला, म्हणजे साधारण ०.१५ अँपियर वगैरे, की ती चुंबक होते आणि एक पाती ओढून मोठा कॉन्टॅक्ट जोडते, ज्यातून वीस-तीस अँपियर जाऊ शकतात. छोटा करंट मोठ्याला चालू-बंद करतो, बस. होंडाच्या या डबीत असे दोन रिले आहेत. पहिला चावी ऑन केली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आणि इंजेक्टरला सप्लाय देतो. दुसरा फ्युएल पंपाला देतो, आणि या दुसऱ्याची अर्थिंग ईसीयूच्या हातात आहे, म्हणजे ईसीयूने हो म्हटलं तरच पंप फिरणार. ही सोय सेफ्टीसाठी आहे, अ‍ॅक्सिडेंट होऊन इंजिन बंद पडलं आणि पंप पेट्रोल ओततच राहिला तर आग लागेल.

मग बिघडतं काय? कॉन्टॅक्ट जळतात असं सगळ्यांना वाटतं, पण यात सहसा सोल्डर जातं. डबीच्या आत छोटं सर्किट बोर्ड आहे, जाड पिना बोर्डाला सोल्डरचा डाग देऊन बसवल्यात. उन्हात सगळं तापतं, रात्री थंड होतं, पीन एवढी फुगते, बोर्ड तेवढा फुगतो, दोघांचं माप जुळत नाही, आणि मधलं सोल्डर बिचारं रोज ताणलं जातं. वितळत नाही ते, टिन-शिशाचं सोल्डर १८३ अंशाच्या पुढे वितळतं, आपल्या बंद गाडीचा डॅश तापून तापून किती तापणार, पण वीस-पंचवीस वर्षं ताणलं की तडकतं. भिंग लावून बघाल तर पिनेभोवती काळी बारीक रिंग दिसते, केसाएवढी. थंड असताना ती चीर मिटलेली, कॉन्टॅक्ट चालू. गरम झालं की उघडते, गेला सप्लाय. म्हणून तो चहाचा चमत्कार.

पण थांबा, ऐकलंत आणि लगेच रिले ऑर्डर केलात असं करू नका, माझा सगळ्यात जास्त राग यावरच आहे. गरम झाल्यावर बंद पडणारी अजून एक वस्तू याच गाड्यांत आहे, डिस्ट्रिब्युटरमधला इग्नायटर, जो स्पार्क पाडतो तो, लक्षणं अगदी तीच. त्यामुळे आधी पक्कं करा, आणि ते गाडी बंद पडलेली असतानाच करा, चालू असताना काही कळत नाही. एसी, रेडिओ बंद, चावी ऑन, सेल्फ मारायचा नाही. मागच्या सीटखालून दोन सेकंद घूं आवाज आला पाहिजे, तो पंप प्रेशर भरतोय. त्याच वेळी मीटरमधला चेक इंजिनचा दिवा लागतो, दोन सेकंदांनी विझतो, आणि विझता विझता डॅशखालून टक असा आवाज येतो. दिवाच लागला नाही तर ईसीयूला सप्लाय नाही, म्हणजे पहिला रिले किंवा त्याच्या आधीचा फ्यूज. दिवा बरोबर लागतोय पण घूं नाही तर दुसरा रिले, किंवा पंप, किंवा मधली वायर. तेव्हा पंपाच्या कनेक्टरवर व्होल्ट मोजायचा मीटर लावा, त्या दोन सेकंदांत १२ व्होल्ट आले तर पंप मेलाय, रिलेला शिव्या देऊ नका. आणि घूं आणि दिवा दोन्ही व्यवस्थित असताना स्टार्ट घेत नसेल तर स्पार्क बघा, तो इग्नायटरचा रस्ता. एवढ्या पाच मिनिटांच्या कामाला लोक कंटाळतात आणि डॅशखाली दोन तास घालवायला तयार होतात.

हो, दोन तास, कारण पार्ट छोटा आहे, जागा भयंकर आहे. मॉडेलप्रमाणे थोडी बदलते, पण बहुतेक ड्रायव्हरच्या पायांच्या वर, डॅशच्या आत. १९८९ ला आलेली पहिली माझदा एमएक्स-५, तिच्यातपण फ्युएल पंपाचा रिले स्टिअरिंगच्या बाजूला असाच वर लपलेला. मुद्दाम नाही हं केलेलं. इंजिनची गर्मी नको, पाणी नको, ईसीयू जवळ हवा, म्हणून आत. आणि कारखान्यात आधी हे बसतं, मग त्याच्यावर डॅश चढतो, त्यामुळे तिथल्या माणसाला काहीच त्रास नाही, त्रास सगळा तुम्हाआम्हाला. आपल्याकडे पाणी भरतं तेव्हा मात्र ही उंची कामाला येते, खाली कार्पेटजवळचे कनेक्टर हिरवे पडतात आणि हा वर कोरडा बसलेला असतो.

आता हात घालायचा. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, आधी रेडिओचा कोड असेल तर लिहून ठेवा. एअरबॅगवाली गाडी असेल तर निगेटिव्ह काढल्यावर निदान तीन मिनिटं थांबा, आणि पिवळ्या वायरींना हात लावू नका, मीटरपण नाही. सीट पूर्ण मागे. खालचं कव्हर काढा, नाहीतर हातच जात नाही. मग उलटं व्हायचं, डोकं पेडलजवळ, पाठ सीटच्या कडेवर, पाय वर हेडरेस्टकडे. जरा पोट असलेल्या माणसाने हे काम पुतण्याला सांगावं. मोबाईलचा टॉर्च चालत नाही, दोन्ही हात लागतात, डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, शंभर-दोनशेत मिळते. रिले ब्रॅकेटला दहा एमएमच्या एका बोल्टने धरलेला असतो, तो दिसत नाही, बोटाने चाचपून शोधायचा. छोटं रॅचेट, त्याला एक्स्टेन्शन, आणि सॉकेटमध्ये थोडं ग्रीस भरा म्हणजे बोल्ट चिकटून राहील, नाहीतर तो पडणार, कार्पेटखाली जाणार आणि पुढचा अर्धा तास चुंबक फिरवत बसणार.

कनेक्टर काढताना वायर ओढायची नाही. लॉकची जीभ दाबायची आणि कनेक्टर हलवत हलवत काढायचा, पंचवीस वर्षांचं प्लास्टिक पापडासारखं झालेलं असतं, जीभ तुटली की पुढे कायमचा लूज कॉन्टॅक्ट. काढल्यावर कनेक्टरच्या आतल्या पिना बघा, एखादी तपकिरी, जळकी दिसली तर नवीन रिले लावूनही ती परत तापणार, ती पीन बदला.

मग नवीन घ्यायचा की जुन्याला डाग द्यायचा? ओरिजिनल नवीन मिळत असेल तर घ्या. कुर्ल्याहून भंगारातला काढलेला आणू नका, तो तुमच्याच रिलेच्या वयाचा आहे, त्याचंपण सोल्डर तडकलेलं. डाग देणं वाईट नाही, पण नुसतं वरून आयर्न टेकवलं असं नाही, जुनं सोल्डर, सोल्डर ओढायचा छोटा पंप मिळतो त्याने काढा, फ्लक्स म्हणजे सोल्डर नीट धरायची पेस्ट लावा, टिन-शिशाचं ६०/४० चं नवीन सोल्डर, पिना जाड आहेत म्हणून ५०-६० वॅटचं आयर्न, आणि सगळ्या पिना करा, जी फुटलेली दिसते तेवढीच नाही.

एक काका विचारतायत, साधा चौकोनी रिले बाहेर इंजिन रूममध्ये लावून वायर ओढून दिली तर? काका, चालतं, आणि बरेच लोक करतात. पण कॉइल बंद होते तेव्हा ती उलटा झटका मारते, तो दाबायला रिलेत डायोड किंवा रेझिस्टर पाहिजे. स्वस्तातल्या साध्या रिलेत तो बऱ्याचदा नसतो, झटका सरळ ईसीयूवर, आणि रिलेचे पैसे वाचवून ईसीयू घेणं कुणाला परवडतं? त्यात जोडलेल्या वायरींना टेप मारलेली असते, ती इथल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत सुटते, पुढचा इलेक्ट्रिशियन तिथे आला की तासभर डोकं खाजवत बसतो. तो इलेक्ट्रिशियन बहुतेक मीच असतो.

बसवल्यावर कव्हर लगेच चढवू नका. निगेटिव्ह जोडा, चावी ऑन, घूं, दिवा, टक, तिन्ही ऐका आणि बघा. मग गाडी दुपारी उन्हात बंद काचांनी उभी करा आणि तेव्हा स्टार्ट करा, सावलीतली टेस्ट काही कामाची नाही. पंपाच्या कनेक्टरवर चालू गाडीत व्होल्टेज मोजा, बॅटरीपेक्षा फार कमी येत असेल तर अजून कुठेतरी कार्बन बसलाय.

पोर्शेवाले एक जादा रिले कायम ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतात, तुम्हीपण ठेवा. जुनाच ठेवणार असाल तर आधी डाग देऊन ठेवा बरं का, नाहीतर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये उलटं होऊन फुटका काढायचा आणि फुटकाच लावायचा. अजून कुणाला विचारायचंय? ते मागे हात वर आहे, हां बोला दादा.