रॉद्रिगचा आवाज : झेरार फिलिपविषयी एक व्याख्यान

रसिकहो,

फ्रेंच नट झेरार फिलिपचे नाव निघाले की ज्यांना तो ठाऊक आहे ते बहुधा एकच हकिकत सांगतात. २५ नोव्हेंबर १९५९ रोजी, सदतिसाव्या वाढदिवसाला अवघे नऊ दिवस उरले असताना, यकृताच्या कर्करोगाने तो पॅरिसमध्ये गेला आणि दक्षिण फ्रान्समधल्या राम्तुएल या गावी त्याला कोर्नेयच्या ‘ल सिद’ या नाटकाचा नायक रॉद्रिग याच्या पोशाखात मूठमाती देण्यात आली. ही हकिकत खरी आहे आणि हृदय हलवणारीही आहे. परंतु तिने या नटाचे फार नुकसान केले आहे, ही माझी जुनी तक्रार आहे. देखणा चेहरा आणि अकाली मृत्यू एवढ्या दोन गोष्टी हाती आल्या की त्याने आवाज कसा कमावला, वाक्य कसे तोडले, कोणत्या मंडळीत आणि कोणत्या अटींवर काम केले, हे विचारायचे राहूनच जाते. मला आज नेमके तेच विचारायचे आहे. त्याच्या चित्रपटांवर रंगभूमीचे ऋण किती, हा आजचा जाहीर विषय आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु तिकडे जाणारी वाट आव्हिन्यों या दक्षिण फ्रान्समधल्या नाट्यमहोत्सवाच्या शहरावरून जाते.

१९४५ साली पॅरिसच्या एबेर्तो नाट्यगृहात काम्यूच्या ‘कालिगुला’ या नाटकात शीर्षक-भूमिका केली तेव्हा फिलिप बावीस वर्षांचा होता. दोनच वर्षांनी क्लोद ओतां-लाराच्या ‘ल दियाब्ल ओ कोर’ या चित्रपटाने तो प्रसिद्धीच्या शिखरावर पोहोचला. अशा नटाकडे नाट्यदिग्दर्शक झां विलार ‘ल सिद’ घेऊन गेला, तेव्हा शोकनाट्य हा आपला प्रांत नव्हे असे सांगून फिलिपने नकार दिला होता. पुढे १९५० च्या अखेरीस विलार आतलिए नाट्यगृहात पिरांदेल्लोच्या नाटकात काम करत असताना हाच फिलिप त्याच्या रंगपटात गेला आणि मला तुमच्याबरोबर काम करायचे आहे, असे आपणहून सांगून आला. निर्माते ज्याच्या दारी येत होते असा नट दुसऱ्याच्या दारी जातो आणि एकदा नाकारलेली भूमिका पुढे स्वीकारतो, हा त्याच्या कारकिर्दीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग आहे.

जुलै १९५१ मध्ये आव्हिन्योंला, पोपच्या राजवाड्याच्या प्रांगणात, उघड्या आकाशाखाली त्याने दोन भूमिका केल्या. एक जर्मन नाटककार क्लाइस्टच्या नाटकातल्या होम्बुर्गच्या राजपुत्राची आणि दुसरी कोर्नेयच्या रॉद्रिगची. ‘ल सिद’च्या तालमीत रंगमंचावरून पडून त्याचा गुडघा दुखावला. तलवार पेलणारा हा वीर प्रेक्षकांसमोर आला तो जेमतेम हालचाल करू शकेल अशा अवस्थेत. माझ्या मते, हालचालीचा आधार असा काढून घेतला जातो तेव्हाच नटाला शब्दावर उभे राहावे लागते. रॉद्रिग राजाला मूरांबरोबरच्या लढाईचा वृत्तान्त सांगतो ते दीर्घ स्वगतासारखे भाषण आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. आम्ही पाचशे निघालो आणि बंदरावर पोहोचेपर्यंत तीन हजार झालो, अशी त्याची सुरुवात आहे. बारा अक्षरावयवांच्या यमकबद्ध ओळींचे हे भाषण पूर्वीचे नट घोषणेसारखे म्हणत. फिलिपचे ध्वनिमुद्रण ऐका. वृत्त कुठेही मोडत नाही, यमक कानाला कळते, आणि तरीही पुढचा शब्द त्याला त्याच क्षणी सुचतो आहे असे वाटत राहते. तरुण वयात एका चित्रपट मंडळाच्या खेळात मी त्याला तलवार फिरवताना प्रथम पाहिले आणि बरीच वर्षे त्याला केवळ देखणा नट समजलो. माझी ती समजूत या ध्वनिमुद्रणाने दूर केली.

विलारकडे त्याच वर्षी राष्ट्रीय लोकनाट्यगृहाची, म्हणजे ‘तेएनपे’ची, सूत्रे आली. या नाट्यगृहाचे घर असलेल्या, पॅरिसमधल्या शायोच्या राजवाड्यात तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाची आमसभा भरलेली होती, म्हणून मंडळीने पहिले खेळ नोव्हेंबरमध्ये सुरेन या कामगार-उपनगरात केले. तिथे ‘ल सिद’बरोबर ब्रेख्तचे ‘मदर करेज’ही होते, आणि फिलिपने त्यात मुलाची, आयलिफची, दुय्यम भूमिका केली. मंडळीचे नियम इथे सांगितलेच पाहिजेत, कारण त्याने नुसता एका दिग्दर्शकाबरोबर करार केला नव्हता, या नियमांचाही स्वीकार केला होता. तिकीट स्वस्त होते. कोट-टोप्या सांभाळायला ठेवण्याचे पैसे घेतले जात नसत आणि जागा दाखवणाऱ्याला बक्षिसी देण्याची प्रथा बंद केलेली होती. कामावरून थेट येणाऱ्यांसाठी खेळाआधी जेवणाची सोय होती, आणि नाटकाची संहिता अल्प किमतीत मिळे. आपल्याकडे तिसरी घंटा होते, तिथे मॉरिस झारने रचलेल्या तुताऱ्या वाजत. आव्हिन्योंच्या महोत्सवात त्या आजही वाजतात. जाहिरातीत नटांची नावे वर्णानुक्रमाने छापली जात, आणि फ्रान्समधल्या सर्वांत लोकप्रिय तरुण नटाचे नावही रोमन ‘P’ या अक्षराची पाळी येईल तिथेच येई. त्याला पगारही माफक होता. याला त्याग म्हणावे असे मला वाटत नाही. रॉद्रिग, रिचर्ड दुसरा, रुई ब्लास, आणि लोरेंझाच्चो, ज्याचे दिग्दर्शनही १९५२ मध्ये त्यानेच केले, एवढ्या भूमिका एका तरुण नटाला लागोपाठ देऊ शकेल असे दुसरे घर तेव्हा त्याच्यासाठी नव्हते.

संयोजकांनी वेळ संपत आल्याची खूण केली आहे, तेव्हा ज्यासाठी आपण जमलो तो मुद्दा आता थोडक्यात मांडतो. १९५२ चा ‘फांफां ला त्युलिप’ त्याच्या चपळ देहासाठी गाजला. पण त्यातल्या संवादांची लय कान देऊन ऐकली तर ती विनोदाच्या अंगाने आलेली रॉद्रिगचीच लय आहे. १९५४ च्या ‘मस्य रिप्वा’मध्ये रने क्लेमांने त्याला लंडनच्या गर्दीत, लपवलेल्या कॅमेऱ्यासमोर वावरायला लावले. हजारो प्रेक्षकांसमोर स्थिर उभे राहायला शिकलेला नट तिथे अनोळखी माणसांमध्ये सहज मिसळून गेला. त्याच वर्षीच्या ‘ल रूज ए ल न्वार’चा नायक ज्युलियँ सोरेल याच्या गप्प राहण्यात, आणि ‘मोंपार्नास १९’मधल्या चित्रकार मोदिग्लियानीच्या थकलेल्या चालीत, रंगमंचावरचा संयम दिसतो. त्याने स्वतः दिग्दर्शित केलेला १९५६ चा ‘टिल’ मात्र फसला, आणि माझ्या मते तो फसण्याचे कारणही तेच आहे: तिथे त्याला अडवणारा विलार नव्हता.

नटसंघटनेतले त्याचे काम मी याच धाग्यात ओवतो. नट म्हणजे कुत्री नव्हेत, अशा शीर्षकाचा लेख त्याने १९५७ मध्ये लिहिला. फुटलेल्या संघटना एकत्र आल्यावर तो त्यांचा अध्यक्ष झाला आणि शेवटपर्यंत राहिला. जाहिरातीत वर्णानुक्रम मानणारा माणूस कामाच्या दिवसांसाठी आणि मोबदल्यासाठी सहकाऱ्यांच्या बाजूने उभा राहिला, यात मला सलगता दिसते. फेब्रुवारी १९५९ मध्ये शायोच्या रंगमंचावर, रने क्लेअरच्या दिग्दर्शनाखाली, म्युसेच्या नाटकातला पेर्दिकां हे त्याचे रंगभूमीवरचे अखेरचे नवे काम ठरले.

माझ्याकडे पाच मिनिटे उरली आहेत, ती मी त्याच्या आवाजाला देतो. राजासमोरचा वृत्तान्त लावायला सांगितला आहे. फ्रेंच येत नसेल त्यांनी अर्थाची चिंता करू नये. ओळ जिथे संपते तिथे तो श्वास घेतो की नाही, एवढेच कृपया ऐकावे.