स्प्रेचा कॅन आणि पेपरातला समाजकंटक

नमस्कार श्रोतेहो. आज भिंतींबद्दल बोलायचंय, खरं तर भिंतींपेक्षा भिंतींच्या बातम्यांबद्दल. एखाद्या पुलाच्या खांबावर नाहीतर बंद गोदामाच्या शटरवर रात्रीत कुणीतरी स्प्रेने मोठ्ठं रंगीत नाव काढून जातं, आणि दोन दिवसांनी पेपराच्या आतल्या पानावर चार ओळी येतात, त्या तुम्ही न वाचताही सांगू शकाल. अज्ञात समाजकंटकांकडून विद्रूपीकरण. नागरिकांत संताप. पोलीस तपास करत आहेत. झालं. कुठले नागरिक, किती संतापले, काही पत्ता नाही.

या बातमीत पोलीस बोलतो, पालिकेचा साहेब बोलतो, कधीकधी भिंतीचा मालक बोलतो. रंगवणारा मात्र कधीच बोलत नाही. तुम्ही म्हणाल तो पळून गेलाय, त्याला आणायचं कुठून? पण आपले पत्रकार मटका घेणाऱ्यापर्यंत पोचतात, किनाऱ्यावरच्या दलालापर्यंत पोचतात, तोंड झाकून त्यांच्या मुलाखती दाखवतात. मग हा एकटाच कसा सापडत नाही? मला वाटतं शोधतच नाहीत, कारण बातमी आधीच ठरलेली असते.

हे आपल्याकडेच आहे असं समजू नका, याची रीत पडली न्यूयॉर्कात. १९७१ च्या २१ जुलैला न्यूयॉर्क टाइम्सने एका पोराबद्दल छापलं. ग्रीक वंशाचा मुलगा, नाव डेमेट्रियस, लाडाचं नाव टाकी, राहायला १८३ नंबरच्या स्ट्रीटवर, म्हणून सगळीकडे ‘टाकी १८३’ लिहायचा. नोकरी पाकिटं पोचवायची, त्यामुळे सगळं शहर पायाखालचं, आणि जाईल तिथे मार्कर चालवायचा, स्टेशनात, डब्यात, दिव्याच्या खांबावर. ती बातमी तशी कुतूहलाची होती, शिव्या नव्हत्या, पण शहरातल्या पोरांनी त्यातून एकच अर्थ काढला की भिंतीवर नाव लिहिलं की पेपरात नाव येतं. मग काय, पूरच आला. आणि पूर आल्यावर सूर बदलला, लगेच ‘रोगराई’, ‘साथ’ असले शब्द सुरू झाले. १९७२ मध्ये महापौर जॉन लिंडसे यांनी ग्राफिटीविरुद्ध, म्हणजे भिंतींवरच्या आणि डब्यांवरच्या या लिहिण्या-रंगवण्याविरुद्ध, युद्धच पुकारलं आणि त्याच वर्षी शहराने कायदाही केला. ज्या पेपरांनी दिवा लावला तेच मग आग लागली म्हणून ओरडायला लागले.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते १९७९ मधलं. नेथन ग्लेझर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या सबवेच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, ग्राफिटीवर एक लेख लिहिला. त्यात तो कबूल करतो की डब्यावर नाव लिहिणारी पोरं आणि प्रवाशांना लुटणारे ही काही तीच माणसं नाहीत, पण प्रवाशाला मात्र तसं वाटतं, रंगवलेला डबा बघितला की त्याला वाटतं इथे कुणाचाच कंट्रोल नाही, आणि म्हणून ग्राफिटी घातक. म्हणजे बघा, गुन्हा पोराने केला नाही, पण लोकांना तसं वाटतं म्हणून शिक्षा पोराला! आणि लोकांना तसं वाटतं का, तर रोज सकाळी पेपर त्यांना तेच सांगतो. पुढे १९८२ मध्ये विल्सन आणि केलिंग या दोन अमेरिकी अभ्यासकांनी ‘फुटक्या खिडक्यां’चा सिद्धांत मांडला, फुटकी काच तशीच ठेवली तर मोठे गुन्हे वाढतात म्हणणारा, त्यांनीही ग्लेझरचा आधार घेतला. त्यावर मग जगभरच्या पोलीस खात्यांनी धोरणं बांधली.

एड कॉच न्यूयॉर्कचे महापौर होते तेव्हा रेल्वेच्या यार्डांना काटेरी कुंपण घालून आत कुत्रे सोडायचं चाललं होतं, तर हे म्हणाले कुत्रे कशाला, लांडगे सोडा. गंमतीत म्हणाले असतील, पण वातावरण काय होतं ते कळतं. या वातावरणाची किंमत कुणी मोजली तेही ऐका. १९८३ च्या सप्टेंबरात मायकल स्टुअर्ट नावाच्या २५ वर्षांच्या काळ्या तरुणाला फर्स्ट अव्हेन्यू स्टेशनात पोलिसांनी पकडलं, आरोप काय तर भिंतीवर काहीतरी लिहिलं. हॉस्पिटलात नेला तेव्हा तो कोमात होता, तेरा दिवसांनी गेला. खटला चालला, १९८५ मध्ये सहाही पोलीस निर्दोष सुटले. एका मार्करच्या रेघेपायी एवढं!

आता जवळ येऊ. २०२२ च्या मे महिन्यात कोचीच्या मुट्टम यार्डात मेट्रोच्या डब्यांवर कुणीतरी रंगवून गेलं, त्यात ‘बर्न’ असं होतं, ‘फर्स्ट हिट’ आणि कोचीचं नाव असं होतं. झालं, बातम्या सुटल्या की हल्ल्याची धमकी, पहिला वार कोचीवर, घातपाताचा संशय. आता या पोरांच्या जगात हिट म्हणजे नाव रंगवणं, आणि बर्नर म्हणजे झक्कास जमलेलं मोठं काम, ज्याच्यापुढे बाकीच्यांचं फिकं पडतं. पहिलं हिट कोचीत, म्हणजे भारतात आलो आणि पहिला डबा इथे रंगवला, एवढंच असणार. सुरक्षित यार्डात घुसले हा गुन्हा आहेच, पोलिसांनी सगळ्या बाजूंनी बघायला हवं हेही मान्य, त्यांचं कामच ते. पण न्यूजरूममधल्या एकाला तरी फोन उचलून एखाद्या ग्राफिटीवाल्याला विचारता आलं नसतं का, की बाबा याचा अर्थ काय? त्याच वर्षी अहमदाबाद मेट्रोचे डबे रंगवल्याबद्दल चार इटालियन तरुण पकडले गेले, तेव्हा लोकांना कळलं की देशोदेशी फिरून ट्रेन रंगवणाऱ्या पोरांचं असंही एक वेड असतं. खर्च स्वतःचा, धोका स्वतःचा आणि विकायला काहीच नाही. मला ते वेड पटत नाही, पण समजून घ्यायला काय जातं?

कारण त्यांच्यातही नियम आहेत हो, आपल्या भजनी मंडळात असतात तसे मानपान आहेत. नवशिक्याला टॉय म्हणतात. दुसऱ्याची स्टाइल चोरली तर बाइट केली म्हणून नाव खराब होतं. आपल्यापेक्षा चांगल्या कामावर फडतूस काम चढवलं तर सगळे तोंडावर बोलतात. टॅग म्हणजे पटकन मारलेली सही, थ्रो-अप म्हणजे दोन रंगांतली फुगीर अक्षरं, आणि पीस म्हणजे तासन् तास खपून केलेलं काम. पेपराच्या लेखी हे सगळं एकच, विद्रूपीकरण.

आणि गोव्याने तर या बाबतीत फार मजा बघितलीय. फ्रान्सिस न्यूटन सोझा, आपल्या साळगावचा, १९२४ चा जन्म, देशातल्या मोठ्या चित्रकारांत ज्याचं नाव घेतात. पोरवयात मुंबईच्या सेंट झेवियर्समधून त्याला काढून टाकलं ते संडासाच्या भिंतीवर चित्रं काढली म्हणून, आणि त्याचं म्हणणं काय तर मी काढली नाहीत, आधीची होती ती फार वाईट काढलेली होती, मी फक्त दुरुस्त केली. अस्सल गोंयकार उत्तर! आता त्याचा नातू, सोलोमन सोझा, हातात स्प्रेचे कॅन घेऊन भिंती रंगवतो, जेरुसलेमच्या बाजारातली शटरं रंगवून त्याने नाव कमावलं, आणि २०१९ च्या डिसेंबरात सेरेंडिपिटी या कलामहोत्सवाच्या वेळी तो इथे आला आणि गोव्यातल्या नामवंतांचे चेहरे त्याने भिंतींवर काढले. काय कौतुक झालं, आणि व्हायलाच हवं होतं, काम सुंदर आहे. पण तोच स्प्रे, तशीच भिंत, फरक फक्त आमंत्रणाचा आणि आडनावाचा. उद्या म्हापशाचा एखादा पोरगा आयटीआयमधून सुटून संध्याकाळी त्याच कॅनने त्याच भिंतीच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिला तर त्याच्यासाठी आतलं पान आणि ते चार शब्द तयारच आहेत.

परवानगी हा मुद्दा लहान नाही, माहितीये मला. १९८८ पासून गोव्यात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध कायदा आहे. पण तो आठवतो कधी, तर आचारसंहिता लागली की. तोवर भिंतींवर कोण असतं? क्लासवाले, मूळव्याधवाले, प्लॉट विकणारे, आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हात जोडलेले बारके-मोठे पुढारी. संध्याकाळी मांडवीच्या काठाने चालत जा, कसिनोंच्या झगमगाटात नदीचं पाणी कुठल्या रंगाचं ते कळत नाही, त्याला कुणी विद्रूपीकरण म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. का, तर तिथे पैसे भरलेले असतात. पैसे भरून डोळ्यांवर आदळलं तर जाहिरात, फुकट आदळलं तर समाजकंटक, असा हा हिशोब.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल हा त्या पोरांचा वकील झाला. किल्ल्यांवर जे चालतं त्याचा मला मनापासून राग येतो. शापोऱ्याला जा, आग्वादला जा, अमुक लव्ह तमुक, खिळ्याने नाहीतर किल्लीने कोरलेलं. आपला चिरा सच्छिद्र दगड, त्याच्यात रंग मुरला की घासून निघत नाही, केमिकल लावा की दगडच झिजतो, आणि ऑइल पेंटने झाकलात तर आतली ओल आतच राहते. ते नुकसान कायमचं. पण हे करणारे पिकनिकला आलेले लोक असतात, त्यांचा ग्राफिटीवाल्यांशी काही संबंध नाही. उलट बऱ्याच मुरलेल्या पोरांना जुन्या वास्तूंना हात लावलेला खपत नाही. पेपर मात्र किल्ल्यावरचा बदाम आणि फ्लायओव्हरखालचा पीस एकाच मथळ्याखाली टाकतात, आणि मग खरा राग जिथे जायला हवा तिथे जातच नाही.

माझ्या स्वतःच्या कंपाउंड वॉलवर कुणी टॅग मारला तर मी चिडणारच, पोरगा सापडला तर चार महिने पाऊस खाऊन शेवाळलेली ती अख्खी भिंत त्याच्याकडूनच घासून घेईन आणि वर चुना मारायला लावीन. पोलिसांत जायचं की नाही ते नंतर बघू. पण बातमी द्यायची झाली तर बातमीदाराने एवढं करावं, समाजकंटक लिहिण्याआधी भिंतीसमोर पाच मिनिटं उभं राहून ती वाकडीतिकडी अक्षरं वाचावीत, नाही जमलं तर शेजारच्या दहावीतल्या पोराला विचारावं, आणि त्याने भिंतीवर जे नाव लिहिलंय ते नीट, स्पेलिंग न चुकता छापावं.