पुन्हा पुन्हा लागणारा पिवळा दिवा

नमस्कार श्रोतेहो. डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजमध्ये स्कॅनर लावून तो घालवतात, आणि आठ दिवसांत स्वारी पुन्हा हजर! आज बोलायचं आहे ते या परतून येणाऱ्या दिव्याबद्दल.

दिवा स्थिर असेल, तापमानाचा काटा जागेवर असेल आणि ऑइलचा लाल दिवा नसेल, तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. दिवा लुकलुकत असेल तर मात्र रेस सोडा आणि गाडी बाजूला घ्या. एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता पुढे जातंय, आणि त्यानं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा भाग, तापून निकामी होतो. ती दुरुस्ती फार महाग पडते.

आता मुद्द्याचं. कोड, म्हणजे स्कॅनरवर दिसणारा दोषाचा क्रमांक, आधी लिहून घ्या, मग पुसा. दिवा लागला त्या क्षणी वेग किती होता, आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं होतं, याची नोंद गाडीचा संगणक ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की ती नोंदही गेली. बॅटरीची तार काढून दिवा घालवला तरी बहुतेक गाड्यांत तेच होतं.

या नोंदीनं काय साधतं, ते एका पेट्रोल गाडीवरून सांगतो. कोड यायचा पी ०१७१, म्हणजे लीन मिक्स्चर: हवा जास्त, पेट्रोल कमी. हे इंजिनाला कळवतो ऑक्सिजन सेन्सर. म्हणून आधी तोच बदलला. पंधरा दिवसांनी दिवा परत. मग प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले. दिवा परत. दुसरा सेन्सर आणला, तरी तेच! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? सेन्सर खरं तेच बोलत होता, पण ऐकून कोणी घेत नव्हतं.

शेवटी फ्रीझ फ्रेम पाहिली. वेग शून्य, आरपीएम ७५०, इंजिन ९२ अंश. म्हणजे गाडी सिग्नलला उभी असताना दोष नोंदला गेला होता. मग स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम पाहिला. संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय, ते हा आकडा सांगतो. उणे १० ते अधिक १० असेल तर काळजी नाही. इथे आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, होता अधिक २४! रेस २५०० वर धरली आणि मिनिटभर थांबलं, तर आला ६ वर.

इथेच गाठ सुटली. आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप, जवळजवळ बंद असतो, सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढ जोरदार असते, आणि एकूण हवा थोडी. मग एवढ्याशा भेगेतून शिरलेली हवाही मोठा वाटा होते. रेस वाढली की तीच भेग एकूण हवेत नगण्य ठरते. टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा पंप कमजोर असता तर उलट झालं असतं: आयडलिंगला ठीक, रेस वाढवली की आकडा चढता. लक्षात ठेवा, आयडलिंगला जास्त आणि रेसला कमी, तर आधी हवेची गळती शोधा.

मॅनिफोल्डमध्ये धूर सोडून पाहिलं. इंजिनातल्या वाफा परत मॅनिफोल्डमध्ये सोडणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हच्या रबरी होजपाइपातून, वळणाच्या खालच्या अंगाला, धुराची बारीक रेघ निघाली. पाइप वरून धडधाकट दिसत होता. हातात घेऊन वाकवला तेव्हा नखाएवढी चीर उघडली. पाइप आणि दोन क्लिपा बदलल्या, ट्रिम ३ वर आला.

धुराचं यंत्र नसेल तर संशयित जागी साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा, वायर आणि कनेक्टर वाचवून. भेग क्षणभर बुजते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. तापल्या इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारू नका, आग लागते.

आणि हो, निदानाचे पैसे देताना कुरकुर करू नका. तासभर डोकं लावणाऱ्या मेकॅनिकला आपण काही देत नाही, म्हणूनच तो पार्ट बदलून पैसे काढतो. तसंच पंपावर नोझल खटकन बंद झाल्यावर गोल आकड्यासाठी आणखी पेट्रोल भरून घेऊ नका. ते वाफा साठवणाऱ्या चारकोल कॅनिस्टरमध्ये उतरतं आणि दिव्याला नवं कारण मिळतं.

दुरुस्तीनंतर कोड पुसला नाही तरी चालतं. गाडी सुरू करून, चालवून, बंद केली की एक फेरी; अशा साधारण तीन निर्दोष फेऱ्या झाल्या की दिवा आपण होऊन जातो. पुसलाच, तर पुढचे काही दिवस थंड इंजिनानं सुरुवात, थोडी गर्दी, थोडा हायवे, अशी गाडी चालवा. संगणकाच्या सगळ्या चाचण्या पूर्ण झाल्याचं स्कॅनरवर दिसेपर्यंत दुरुस्ती झाली असं धरू नका. नमस्कार.